चंद्रपूरच्या उन्हात हायड्रोजनचा ट्रक चालवायचा, तर प्लॅटिनमचं काय?

मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीतून संसदेत गेले, तेव्हापासून विदर्भात हा विषय चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं लक्ष्य ठेवलं. त्याच वर्षी महाराष्ट्राचंही धोरण आलं. मधूनमधून आणखी एक बातमी येते: शास्त्रज्ञांनी प्लॅटिनमची गरज दहा पटीनं कमी केली, आता हायड्रोजनची गाडी स्वस्त होणार. वणी-घुग्घुस पट्ट्यात कोळशाचे ट्रक चालवणारा माणूस ही बातमी वाचून विचारतो, "मग गाडी कुठं आहे?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर त्या प्लॅटिनममध्येच आहे, पण ते नीट समजायला थोडं आत शिरावं लागतं.

सेलच्या आत काय चालतं

हायड्रोजनच्या गाडीला वीज पुरवणारा फ्युएल सेल हायड्रोजन जाळत नाही. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांचं पाणी होताना जी ऊर्जा सुटते, ती तो थेट विजेच्या रूपात काढून घेतो. मधोमध प्लॅस्टिकसारखा पातळ पडदा असतो, त्याला मेम्ब्रेन म्हणतात. आजच्या गाड्यांत तो १० ते १५ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसाहून बराच पातळ. पडद्याच्या दोन्ही अंगांना काळ्या शाईसारखा थर दिलेला असतो. प्लॅटिनम असतं ते या काळ्या थरात.

एका बाजूनं हायड्रोजन येतो. प्लॅटिनम त्याचे दोन भाग करतं: प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. ओला असलेला पडदा फक्त प्रोटॉनला वाट देतो. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेनं वळसा घालून जावं लागतं, आणि तो वळसा हाच आपला विद्युतप्रवाह. पलीकडच्या बाजूला ऑक्सिजन, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन भेटतात आणि पाणी तयार होतं.

एका सेलमधून सिद्धांतानं १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. चालत्या सेलमध्ये मिळतात ०.६ ते ०.७. म्हणून शेकडो सेल एकावर एक रचून गठ्ठा करतात. टोयोटाच्या मिराई गाडीच्या दुसऱ्या आवृत्तीत असे ३३० सेल आहेत आणि गठ्ठ्याची ताकद १२८ किलोवॉट आहे.

१.२३ मधले जवळपास अर्धे व्होल्ट जातात कुठं? त्यातला सगळ्यात मोठा वाटा, सुमारे ०.३ ते ०.४ व्होल्ट, ऑक्सिजनच्या बाजूला जातो. प्लॅटिनमवरचं सगळं संशोधन या एका गळतीभोवती फिरतं.

प्लॅटिनमच का लागतं

हायड्रोजनची बाजू सोपी आहे. तिथं दर चौरस सेंटीमीटरला ०.०५ मिलीग्रॅम प्लॅटिनमही पुरतं. ऑक्सिजनची बाजू चिवट आहे. ऑक्सिजनच्या दोन अणूंमधला बंध मजबूत असतो. तो तुटायला आणि पाणी व्हायला चार इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्यानं यावे लागतात, आणि एकही टप्पा अडला की सगळं खोळंबतं.

उत्प्रेरक म्हणजे जो क्रियेला वेग देतो पण स्वतः खर्ची पडत नाही. तो हे कसं करतो ते समजायला हंगामातल्या जिनिंगचा वजनकाटा डोळ्यासमोर आणा. कापसाची गाडी काट्यावर चढली पाहिजे, क्षणभर थांबली पाहिजे, वजन झालं की उतरली पाहिजे. गाडी थांबलीच नाही तर वजन होत नाही. उतरायलाच तयार नसेल तर मागची रांग गावापर्यंत जाते. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक अणू हा असा काटा आहे आणि ऑक्सिजन ही गाडी. सोनं ऑक्सिजनला धरतच नाही. निकेल, लोखंड इतकं घट्ट धरतात की सोडत नाहीत. सगळ्या शुद्ध धातूंमध्ये मधोमध जवळ येतं ते प्लॅटिनम.

तेही अगदी बरोबर मधोमध नाही. प्लॅटिनम ऑक्सिजनला गरजेपेक्षा किंचित जास्त घट्ट धरतं. २००४ साली डेन्मार्कच्या नॉर्स्कोव यांच्या गटानं हे गणितानं मांडलं, आणि पुढच्या कामाला दिशा मिळाली: ही पकड थोडी सैल करा.

दुसरं कारण रोखठोक आहे. पडद्याच्या आतलं वातावरण तीव्र आम्लाचं असतं, तापमान ६० ते ८० अंश. अशा ठिकाणी स्वस्त धातू विरघळून जातात, प्लॅटिनम टिकतं. तेही कायमचं टिकत नाही, पण त्याकडे पुढे येऊ.

किती प्लॅटिनम लागतं? हिशेब करून पाहू

५ किलोवॉटचा गठ्ठा घ्या, म्हणजे साधारण पाच अश्वशक्तीचा कृषिपंप ओढेल एवढा. प्रत्येक सेल १०० चौरस सेंटीमीटरचा, ०.६५ व्होल्टवर चौरस सेंटीमीटरला १ अँपिअर देणारा. एका सेलचे ६५ वॉट झाले. म्हणजे ७७ सेल लागतील, एकूण क्षेत्रफळ ७,७०० चौरस सेंटीमीटर.

दर चौरस सेंटीमीटरला किती प्लॅटिनम पसरलं, त्याला लोडिंग म्हणतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लोडिंग ४ मिलीग्रॅमच्या घरात असे. त्या हिशेबानं आपल्या गठ्ठ्याला ३१ ग्रॅम लागले असते. त्याच दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत प्लॅटिनमच्या थरातच पडद्याच्या जातीचा पॉलिमर मिसळायची युक्ती सापडली आणि लोडिंग ०.४ वर आलं. म्हणजे ३ ग्रॅम. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं मोटारींसाठी दोन्ही बाजू धरून ०.१२५ चं लक्ष्य ठेवलं. म्हणजे जेमतेम १ ग्रॅम.

इथं एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. पहिली दहा पट बचत कोणत्याही नव्या धातूनं झाली नाही. आधीचं बरंचसं प्लॅटिनम थरात अशा जागी पडून होतं जिथं प्रोटॉन पोहोचतच नव्हते. काटे होते, रस्ता नव्हता. रस्ता केला आणि तेच प्लॅटिनम कामाला लागलं.

एका ग्रॅमवर किती जागा मावते

क्रिया फक्त पृष्ठभागावर होते. आतले अणू बसून असतात. एक ग्रॅम प्लॅटिनमचा सरळ ठोकळा केला तर त्याची बाजू साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येते आणि पृष्ठभाग एक चौरस सेंटीमीटरही भरत नाही. त्याच ग्रॅमचे ३ नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण केले तर पृष्ठभाग सुमारे ९३ चौरस मीटर होतो. म्हणजे ४३-४४ ग्रॅममध्ये एक एकर वावर.

मग १ नॅनोमीटरचे कण का नको? कारण २ नॅनोमीटरच्या खाली गेलं की कणाला कडा आणि कोपरे जास्त होतात. कोपऱ्यावरचा अणू ऑक्सिजनला फार घट्ट धरतो, शिवाय लवकर विरघळतो. म्हणून ३ ते ५ नॅनोमीटर हा व्यवहार्य मध्य आहे. ३ नॅनोमीटरच्या कणातही साधारण ४० टक्केच अणू वरच्या थरात असतात. उरलेले ६० टक्के वाया जातात असं म्हटलं तरी चालेल, आणि ते वाचवण्यासाठी एक उपाय आहे: गाभा पॅलेडियमसारख्या दुसऱ्या धातूचा आणि वर प्लॅटिनमचा एकाच अणूच्या जाडीचा थर. अमेरिकेतल्या ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेत राडोस्लाव अजिक यांच्या गटानं हे करून दाखवलं. अडचण अशी की थर कुठं फाटला तर गाभा विरघळायला लागतो, आणि पॅलेडियमही स्वस्त नाही.

कोबाल्ट आणि निकेल मिसळल्यानं काय साधतं

पकड सैल करायची ती इथं. कोबाल्ट आणि निकेलचे अणू प्लॅटिनमपेक्षा लहान. ते आत मिसळले की वरच्या प्लॅटिनमचे अणू एकमेकांच्या जवळ ओढले जातात, त्यांची इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि ऑक्सिजनवरची पकड नेमकी हवी तेवढी ढिली होते. गाडी काट्यावरून लवकर उतरते. मिराईत ऑक्सिजनच्या बाजूला प्लॅटिनम-कोबाल्टच वापरलं आहे.

पण मिश्रधातू नुसता बनवून भागत नाही. पृष्ठभागावर उघडा राहिलेला कोबाल्ट आम्लात विरघळतो, पडद्यात शिरतो आणि प्रोटॉनच्या जागा अडवून बसतो. पडद्याचा रोध वाढतो, व्होल्टेज पडतं. म्हणून बनवतानाच पूड आम्लात धुऊन वरचा कोबाल्ट आधीच काढून टाकतात, मग फक्त प्लॅटिनमची साल उरते आणि कोबाल्ट तिच्या खाली सुरक्षित राहतो. याहून पक्की रीत म्हणजे पूड ६०० ते ७०० अंशांवर तापवून प्लॅटिनम आणि कोबाल्टचे अणू एकाआड एक शिस्तीत बसवायचे. असा कोबाल्ट सहजी निघत नाही. मात्र एवढ्या तापमानाला कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग घटतो. शिस्त हवी तर उष्णता हवी, बारीक कण हवे तर उष्णता नको. या ओढाताणीवर आज सर्वांत जास्त मेहनत चालू आहे, आणि माझ्या मते खरी प्रगतीही इथूनच येत आहे.

काळा थर बनतो कसा

कागदावरचं रसायन इथंच फसतं, म्हणून जरा सविस्तर.

प्लॅटिनमचे कण सुटे वापरत नाहीत. ते कार्बनच्या काजळीवर बसवलेले असतात. वजनानं ४० ते ५० टक्के प्लॅटिनम, बाकी कार्बन. या पुडीत पाणी, प्रोपॅनॉलसारखं अल्कोहोल आणि पॉलिमरचं द्रावण मिसळून शाई करतात. क्रम महत्त्वाचा: आधी पाणी घालून पूड पूर्ण भिजवायची, अल्कोहोल नंतर. कोरड्या पुडीवर थेट अल्कोहोल पडलं तर त्याची वाफ प्लॅटिनमवर हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया करते आणि पूड पेट घेते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कोणी हा प्रयोग करणार असेल तर ही एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

पॉलिमर किती घालायचा? कार्बनच्या वजनाच्या ०.७ ते १ पट. कमी घातला तर प्रोटॉनना वाट मिळत नाही. जास्त घातला तर तो छिद्रं बुजवतो आणि ऑक्सिजनची वाट बंद होते, पावसाळी दमट दिवसात तर तयार झालेलं पाणीही बाहेर पडत नाही. शाई ध्वनिलहरींनी घुसळताना भांडं बर्फात ठेवतात, कारण घुसळण्यानं ती तापते आणि कण गुठळ्या धरतात. मग ती टेफ्लॉनच्या कागदावर पसरून वाळवतात आणि १३० अंशांच्या आसपास दाबून पडद्यावर उतरवतात. थर सुमारे १० मायक्रॉनचा. तो सर्वत्र सारखा नसला तर पातळ जागी प्रवाह कमी आणि जाड जागी जास्त होतो, आणि गठ्ठ्यातला एक दुबळा सेल सगळ्या गठ्ठ्याला मागे ओढतो.

"दहा पट चांगला" ही बातमी कशी वाचायची

२००७ मध्ये अमेरिकेच्या अर्गोन प्रयोगशाळेतले स्टामेन्कोविक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तीन भाग प्लॅटिनम आणि एक भाग निकेल यांच्या स्फटिकाची एक विशिष्ट सपाट बाजू नेहमीच्या प्लॅटिनम-कार्बनपेक्षा ९० पट क्रियाशील आहे. आकडा खरा आहे. पण तो मोठ्या, एकसंध, सपाट स्फटिकाचा आहे. गाडीत घालायचे ते ३ नॅनोमीटरचे कण, आणि बाजारात आलेल्या मिश्रधातूंनी आतापर्यंत दर मिलीग्रॅममागे दिलेली वाढ दोन ते चार पटींची आहे.

दुसरा फरक चाचणीचा. बहुतेक नवे उत्प्रेरक आधी फिरत्या चकतीवर तपासतात. ५ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर पूड लावायची, ती आम्लात १,६०० फेरे प्रतिमिनिट फिरवायची आणि ०.९ व्होल्टवर प्रवाह मोजायचा. पद्धत चांगली आहे, झटपट आहे, क्लोराइडचा अंश भांड्यात राहिला तरी निकाल बिघडतो इतकी ती नाजूक आहे. पण आम्लात विरघळलेला ऑक्सिजन इतका थोडा की चौरस सेंटीमीटरला सहा मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जातच नाही. खऱ्या सेलमध्ये १,००० ते २,००० मिलिअँपिअर लागतात. चकतीवर जिंकलेला उत्प्रेरक सेलमध्ये हरतो याचं नवल वाटायला नको.

म्हणून बातमीत तीन गोष्टी शोधाव्यात. मोजमाप चकतीवरचं की पूर्ण सेलमधलं? ०.९ व्होल्टवरचं की पूर्ण भारावरचं? आणि किती तासांनंतरचं? तिन्हींची उत्तरं नसतील तर ती बातमी प्रयोगशाळेची आहे, गाडीची नाही.

प्लॅटिनम कमी केलं तर नडतं काय

साधं गणित सांगतं की प्लॅटिनम दहा पटीनं कमी केलं तरी व्होल्टेज फक्त ०.०७ नं पडायला हवं. ०.६५ चे ०.५८. कमी भारावर हे खरं ठरतं. पूर्ण भारावर त्याहून कितीतरी जास्त पडझड होते.

कारण काटे कमी झाले की प्रत्येक काट्यावर गाड्या जास्त येतात. प्रत्येक कणाभोवती पॉलिमरचा काही नॅनोमीटरचा लेप असतो आणि ऑक्सिजनला त्यातून झिरपून यावं लागतं. कण कमी, तर प्रत्येकाकडे जाणारी वाट तेवढीच अरुंद आणि गर्दी दहा पट. शिवाय पॉलिमरमधले गंधकयुक्त गट प्लॅटिनमला चिकटून काही जागा अडवतात. यावरचा चांगला उपाय म्हणजे ४ ते ८ नॅनोमीटरची छिद्रं असलेला कार्बन: प्लॅटिनम छिद्रात बसतं, लेप बाहेर राहतो, ऑक्सिजन छिद्रातून आत जातो. छिद्रं याहून लहान असतील तर प्रोटॉन पोहोचत नाहीत, मोठी असतील तर लेप आत शिरतो.

लोडशेडिंगच्या गावात सेल लवकर का मरतो

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ग्रामीण भागात फ्युएल सेलचा पहिला उपयोग मोबाइल टॉवर, दवाखाना, शीतगृह अशा ठिकाणी डिझेल जनित्राऐवजी होण्याची शक्यता आहे. आणि तिथं सेल दिवसातून अनेकदा चालू-बंद होणार.

सेल बंद झाला की हळूहळू हायड्रोजनच्या बाजूलाही हवा शिरते. पुन्हा चालू करताना हायड्रोजन आत येतो, तेव्हा काही क्षण अर्ध्या भागात हायड्रोजन आणि अर्ध्या भागात हवा अशी स्थिती होते. हवेच्या भागासमोर, पलीकडच्या बाजूला, व्होल्टेज १.५ पर्यंत चढतं. एवढ्या व्होल्टेजवर कार्बन पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. ज्यावर प्लॅटिनम बसलं होतं तेच नाहीसं होतं, कण सुटतात, एकत्र येतात, थर दबून पातळ होतो. रोज दहा वेळा चालू-बंद होणारा सेल सलग बारा तास चालणाऱ्यापेक्षा लवकर संपतो तो यामुळे.

याशिवाय भार नसताना सेल ०.९५ व्होल्टच्या आसपास राहतो. भार आला की व्होल्टेज उतरतं, गेला की चढतं. प्रत्येक चढ-उतारात प्लॅटिनमवर ऑक्साइड बनतं आणि निघतं, आणि थोडं प्लॅटिनम विरघळतं. विरघळलेलं प्लॅटिनम मोठ्या कणांवर जाऊन बसतं, म्हणजे लहान कण संपतात आणि मोठे आणखी मोठे होतात. काही पडद्यात शिरतं आणि तिथं कायमचं अडकतं. ही झीज मोजायला ०.६ ते ०.९५ व्होल्टमध्ये ३०,००० फेऱ्यांची कसोटी वापरतात. ती सुमारे ५० तासांत संपते आणि शेवटी ४० टक्क्यांपेक्षा जास्त क्रियाशीलता गेली तर उत्प्रेरक नापास.

उपाय आहेत, आणि ते रसायनापेक्षा यंत्रणेचे आहेत. सेलसोबत छोटी बॅटरी ठेवायची, म्हणजे भाराचे झटके ती सोसेल आणि सेलचं व्होल्टेज ०.८५ च्या वर जाणार नाही. बंद करताना हवेची झडप घट्ट लावायची आणि उरलेला ऑक्सिजन छोट्या रोधातून संपवून टाकायचा. चालू करताना हायड्रोजन एका झटक्यात सोडायचा. ज्याच्याकडून जनित्र घ्याल त्याला या तिन्ही सोयी आहेत का ते विचारावं. नसतील तर आत कितीही उत्तम प्लॅटिनम असलं तरी ते टिकणार नाही.

नवतपा आणि रेडिएटर

डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाते. फ्युएल सेलमधून निघणारी हवा सेलइतकीच गरम, म्हणजे ७०-८० अंशांची. म्हणून जवळजवळ सगळी उष्णता रेडिएटरलाच बाहेर टाकावी लागते. आतलं पाणी ८० अंशांचं आणि बाहेर २५ अंश असेल तर फरक ५५ अंशांचा. ब्रह्मपुरीत किंवा चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर ४६ अंश असेल तर फरक ३४ चा. तोच रेडिएटर आता सुमारे ६० टक्केच काम करतो.

आता उत्प्रेरकाचा संबंध बघा. सेल ०.६५ व्होल्टवर चालला तर दर किलोवॉट विजेमागे सुमारे ०.९२ किलोवॉट उष्णता निघते. तोच ०.७५ वर चालवता आला तर ०.६७ च. व्होल्टेज ०.१ नं वाढलं आणि उष्णता चौथ्या भागाहून जास्त कमी झाली. युरोपात चांगला उत्प्रेरक म्हणजे इंधनाची बचत. विदर्भात तो चढावर भरलेला ट्रक दुपारी दोन वाजता थांबणार की जाणार हे ठरवतो. ट्रकच्या बाबतीत प्लॅटिनम काटकसरीनं न वापरता चौरस सेंटीमीटरला ०.३ मिलीग्रॅमच्या घरात ठेवणं शहाणपणाचं आहे ते यासाठीच. ट्रकला २५,००० तास चालायचं असतं, आणि एवढ्या आयुष्यात हायड्रोजनवरचा खर्च प्लॅटिनमच्या खर्चाला मागे टाकतो.

"आमच्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, मग ओला पडदा सुकणार नाही का?" असं कोणी विचारेल. बाहेरची हवा ७५ अंशांना तापली की ती कुठलीही असो, कोरडीच होते. ऑगस्टमधली २८ अंशांची, ९० टक्के दमट हवा सेलमध्ये शिरून तापली की तिची आर्द्रता ९ टक्क्यांवर येते. मेमधली ४ टक्क्यांवर. दोन्ही अपुऱ्या. म्हणून बाहेर जाणाऱ्या हवेतली वाफ आत येणाऱ्या हवेला देणारं साधन कायम लागतंच.

धूर, युरिया आणि गंधक

प्लॅटिनमचे काटे अडवणारे पाहुणे बाहेरूनही येतात. गंधक सर्वांत वाईट. सल्फर डायऑक्साइड प्लॅटिनमला चिकटला की सहज सुटत नाही, आणि २,९२० मेगावॉटचं चंद्रपूरचं औष्णिक केंद्र आणि कोराडी-खापरखेडा असलेल्या प्रदेशात हे विसरून चालणार नाही. अमोनिया प्लॅटिनमपेक्षा पडद्याला जास्त त्रास देतो, तो प्रोटॉनची जागा घेतो. युरियाची पोती किंवा गोठा जवळ असलेल्या खोलीत सेल बसवू नये. पऱ्हाटी जाळल्याच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडंही व्होल्टेज पाडतात, मात्र स्वच्छ हवा मिळाली की बरंचसं भरून येतं. धुळीची नुसती जाळी पुरत नाही. वायू शोषणारी, सक्रिय कोळशाची गाळणी लागते आणि ती वेळेवर बदलावी लागते.

हायड्रोजनची शुद्धताही तितकीच कडक. वाहनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात कार्बन मोनॉक्साइड ०.२ पीपीएम, म्हणजे एक कोटी भागांत दोन भाग, एवढाच चालतो. गंधक १०० कोटींत चार भाग. नैसर्गिक वायूपासून काढलेल्या हायड्रोजनला यासाठी कसून शुद्ध करावं लागतं. पाण्यातून विजेनं काढलेल्या हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड येतच नाही.

"प्लॅटिनम काढूनच टाका ना!"

प्रयत्न जोरात आहेत. लोखंडाचे सुटे अणू नायट्रोजनच्या आधारानं कार्बनमध्ये बसवलेला उत्प्रेरक हा सध्याचा सर्वांत पुढचा पर्याय. सुरुवातीची क्रियाशीलता चांगली आहे. पण थर प्लॅटिनमच्या तुलनेत जवळपास दहा पट जाड लागतो, त्यामुळे ऑक्सिजनला आत पोहोचायला वेळ लागतो. आणि सुटलेलं लोखंड सेलमध्ये थोडं तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी क्रिया करून असे आक्रमक तुकडे बनवतं, जे पडदाच कुरतडतात. काहीशे तासांत मोठी घसरण दिसते. ट्रकला हवे २५,००० तास. हे काम सोडू नये, पण त्याच्या भरवशावर आज गाडी आखू नये.

"सोलर आणि बॅटरी असताना हे कशाला?"

कृषिपंपासाठी खरंच नको. आपल्याच ५ किलोवॉटच्या गठ्ठ्याचा हिशेब घ्या. आठ तास चालवला तर ४० युनिट वीज मिळते आणि सुमारे २.३ किलो हायड्रोजन लागतो. एक किलो बनवायला ५० युनिटच्या वर वीज जाते, म्हणजे १२० युनिट घालून ४० परत. लिथियम बॅटरी त्याच १२० मधले शंभराहून जास्त परत देते, आणि सोलर पंपाला तर मधलं काहीच लागत नाही. पंपासाठी कोणी हायड्रोजनची योजना घेऊन आला तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवा.

हायड्रोजनची जागा आहे जिथं बॅटरी फार जड होते किंवा चार्जिंगला थांबायला वेळ नाही: लांब पल्ल्याचे अवजड ट्रक, रेल्वेची विजेची तार नसलेले मार्ग, खाणीतली यंत्रं. अंतराळातही. १ जानेवारी २०२४ ला पीएसएलव्ही-सी५८ सोबत इस्रोनं १०० वॉट श्रेणीचा असाच मेम्ब्रेनचा फ्युएल सेल पाठवला आणि त्यातून १८० वॉट वीज मिळवली.

"पण प्लॅटिनम तर बाहेरूनच आणायचं?"

हो. खाणीतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के दक्षिण आफ्रिकेतून येतं. तिथं एका टन दगडातून तीन ते सहा ग्रॅम प्लॅटिनम गटातले धातू मिळतात. पण प्लॅटिनम जळून जात नाही. सेल संपला तरी ते बहुतांश आतच असतं आणि परत काढता येतं. म्हणूनच जुन्या गठ्ठ्याला भाव येणार, आणि तो भंगाराच्या दुकानापर्यंत पोहोचणार हे आत्ताच धरून चालायला हवं.

तिथं एक धोका आहे. सोनं काढण्यासाठी जुनी सर्किटं जाळतात तसं कोणी हे पडदे जाळले तर त्यातल्या फ्लोरिनमुळे हायड्रोजन फ्लोराइड वायू तयार होतो. तो फुप्फुसं जाळतो आणि ओल्या त्वचेतून हाडापर्यंत जातो. पडदा जाळायचा नसतो. कारखान्यात तो अल्कोहोल-पाण्यात विरघळवून किंवा सोलून वेगळा करतात, प्लॅटिनम-कार्बन गाळून घेतात आणि मग प्लॅटिनम आम्लानं काढतात. गठ्ठा विकणाऱ्या कंपनीनं तो परत घ्यायची अट करारातच असावी, आणि गठ्ठ्यावर "जाळू नका" हे मराठीत लिहिलेलं असावं.